हॉस्पिसच्या, म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांची अखेरच्या दिवसांत शुश्रूषा करणाऱ्या संस्थेच्या, बागेत स्वयंसेवक म्हणून काम करायचे आहे. तिथे कोणती झाडे लावावीत आणि आठवड्याला किती वेळ द्यावा लागतो?

वेळेचे उत्तर सोपे आहे. आठवड्यातून दोन तास पुरतात, पण ते ठरलेल्या दिवशी आणि ठरलेल्या वेळीच द्यावेत. महिन्यातून एकदा उगवून सहा तासांत बाग चकाचक करून जाणाऱ्या उत्साही माणसापेक्षा दर मंगळवारी झारी घेऊन येणारा माणूस तिथे अधिक कामाचा असतो. झाडांची यादी मात्र माझ्याकडे मागू नका. ती झाडे कुठून दिसणार आहेत, हे आधी ठरवावे लागते, आणि एवढी साधी गोष्ट कळायला मला एक फांदी कापावी लागली.

अशाच एका बागेत काम सुरू केले त्या पहिल्या वर्षी, एका खोलीच्या खिडकीबाहेरच्या झाडाची एक वाळलेली फांदी माझ्या डोळ्यांत खुपत असे. तिच्यावर पान नव्हते, सालही निघाली होती, आणि मरणासन्न माणसांच्या खिडकीसमोर मेलेली फांदी ठेवणे मला अशुभ नव्हे, तरी असभ्य वाटत होते. एके दिवशी शिडी लावून मी ती करवतीने कापली, तुकडे गोळा केले आणि स्वतःवर खूश होऊन हात धुवायला गेले. तिथे सिस्टरांनी मला गाठले. त्यांनी आवाज चढवला नाही, एवढेच विचारले, ‘‘आता कोतवाल कुठे बसणार?’’

त्या खोलीतले काका कुशीवर वळू शकत नसत. उशीवर डोके ठेवले की त्यांना छताची कड, आभाळाचा एक चौकोन आणि ती फांदी, एवढेच दिसे. कोतवाल पक्ष्याला उघडीच जागा लागते. तिथून तो झेप घेतो, हवेतच किडा पकडतो आणि बहुतेक वेळा पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. काका त्याच्या फेऱ्या मोजत आणि संध्याकाळी सिस्टरांना आकडा सांगत. मी त्यांची क्षमा मागायला गेले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘तुम्हाला खालून दिसलं नसेल.’’ त्यात राग नव्हता, म्हणूनच ते वाक्य मला आजही सलते. पुढे मी एक काठी त्याच उंचीवर बांधून पाहिली. तिच्यावर दोन दिवस कावळा बसला, कोतवाल काही आला नाही.

त्यानंतर सिस्टरांच्या परवानगीने मी एका रिकाम्या खोलीतील खाटेवर दहा मिनिटे पडून राहिले. आम्ही घाम गाळून फुलवलेले सगळे वाफे खिडकीच्या कठड्याखाली गडप झाले होते. आमच्या बागेचे काम पाहणारे ज्येष्ठ सहकारी आणि मी यांच्यातील वाद त्याच दिवशी सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही. त्यांच्या मते फाटकातून आत येणाऱ्या नातेवाइकांचे मन फुलांनी हलके व्हावे, आणि बागेची छायाचित्रेही चांगली यावीत. नातेवाइकांचे मला पटते, छायाचित्रांचे मुळीच पटत नाही. जो माणूस खाटेवरून उठणार नाही, त्याच्या नजरेच्या रेषेत काही नसेल, तर ती बाग त्याची नव्हे.

हे मी एका फांदीच्या जोरावर बोलत नाही. संशोधक रॉजर उलरिच यांनी १९८४ साली ‘सायन्स’ नियतकालिकात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास मांडला होता. ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. आधुनिक हॉस्पिस चळवळीचा आरंभही एका खिडकीशी जोडलेला आहे. १९४८ साली मरण पावलेल्या डेव्हिड टास्मा या रुग्णाने या चळवळीच्या प्रवर्तक सिसिली सॉन्डर्स यांच्यासाठी ५०० पौंड मागे ठेवले, ते त्यांच्या भावी संस्थेत आपण एक खिडकी होऊ, असे सांगून. १९६७ साली लंडनमध्ये सॉन्डर्स यांचे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू झाले, ते त्या खिडकीभोवती उभे राहिले असे म्हटले जाते. हे सारे मी आमच्या बैठकीत सांगितले, तेव्हा सहकाऱ्यांनी शांतपणे विचारले की वाफ्यांना पाणी कोण घालणार.

म्हणून माझा सल्ला असा, की खुरपे हातात घेण्याआधी खाटेवर पडून पाहा. खिडकीच्या उंचीवर वेली चढवा, टांगत्या कुंड्या लावा, पक्ष्यांना पाणी ठेवा आणि धोका नसेल तर एखादी वाळकी फांदी राहू द्या. चाकाच्या खुर्चीत बसून मातीत हात घालू इच्छिणाऱ्यांसाठी साधारण ६० ते ७५ सेंटिमीटर उंचीचे वाफे बांधून घ्या. उग्र वासाची फुले खिडकीजवळ नकोत, कारण मळमळ होत असलेल्या माणसाला मोगराही सोसत नाही. कण्हेर आणि धोत्रा विषारी आहेत, ते लावूच नका.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. उलरिच यांचे रुग्ण बरे होऊन घरी जाणारे होते, त्यामुळे तो निष्कर्ष हॉस्पिसला जसाच्या तसा लागू होत नाही. ओल्या मातीत आणि खतात बुरशीचे बीजाणू असतात, म्हणून प्रतिकारशक्ती खालावलेल्या माणसाच्या हाती माती देण्यापूर्वी सिस्टरांना विचारावेच लागते. शिवाय खिडकीवर काही चढवण्याआधी त्या खोलीतल्या माणसालाही विचारा. गेल्या वर्षी एका बाईंच्या खिडकीवर मी मोठ्या हौसेने वेल चढवली होती. आठवड्याने त्यांनी मला बोलावून ती काढायला सांगितली, कारण मुलगा फाटकातून आत येताना त्यांना दिसत नव्हता. मी दोऱ्या सोडून वेल खाली घेत होते, तेव्हा आमचे सहकारी नेमके समोरच्या वाफ्यात पाणी घालत उभे होते. ते काही बोलले नाहीत, पण झारी रिकामी झाल्यावरही बराच वेळ तिथून हलले नाहीत.