साठ हजारांच्या कोर्सवर सही करण्याआधी

प्रश्न : ताई, मी दारव्हा तालुक्यातला. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, गणित विषय घेऊन. एका ऑनलाइन क्लासवाल्यांचा रोज फोन येतो. सहा महिन्यांचा कोडिंगचा कोर्स, फी ६० हजार, हप्त्यानं भरा, नोकरी पक्की म्हणतात. बाबा म्हणतात, तूर विकली की भरू. घरी बसून असं शिकून खरंच नोकरी लागते का?

उत्तर : लागते. पण कोर्स पूर्ण केला एवढ्यानं लागत नाही.

मी मूळची दिग्रसची. नागपुरात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि नव्या मुलामुलींच्या मुलाखती घेणं माझ्या कामातच येतं. प्रमाणपत्र सगळ्यांकडेच असतं, म्हणून आम्ही विचारतो, तू स्वतः काय बनवलंस? बहुतेक जण कोर्समधलाच नमुना दाखवतात, कामांची यादी नाहीतर कॅल्क्युलेटर. त्यात एक छोटा बदल करायला सांगितला की हात थांबतात. फार वाईट वाटतं, कारण मुलं हुशार असतात. व्हिडिओ बघत बघत टाइप केलं की सगळं समजलं असं वाटतं, अडल्यावर आपली आपण वाट काढायची सवय मात्र लागत नाही.

म्हणून तुला एक काम सांगते. तुमच्याकडच्या कृषी केंद्रातली उधारीची वही बघितली असशील. तिचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम लिही. लिहायला बसलास की लगेच कळेल, एकाच गावात एकाच नावा-आडनावाचे दोन कास्तकार निघतात. नावावर खातं शोधून चालायचं नाही, प्रत्येकाला वेगळा क्रमांक द्यावा लागेल. युरियाची थैली ४५ किलोची, डीएपीची ५० ची, तेव्हा नुसतं ‘२ थैल्या’ लिहून भागत नाही. युरियाची थैली २६६ रुपये ५० पैशांची. आता गंमत बघ, जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेला ०.१ आणि ०.२ ची बेरीज विचारलीस तर उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. पायथॉन ही दुसरी भाषाही तेच सांगते. संगणक आकडे बायनरीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून ठेवतो आणि ०.१ त्यात नेमका बसत नाही. म्हणून रक्कम रुपयांत न ठेवता पैशांत, पूर्ण आकड्यात ठेवायची. पुढे कुणी अर्धेच पैसे देऊन जाईल, बाकी कापूस विकल्यावर. दुकानदार म्हणेल, मागची नोंद चुकली. ती पुसायची, की तशीच ठेवून खाली उलटी नोंद टाकायची? यातल्या एका जरी प्रश्नावर तू काय ठरवलंस आणि का, हे मुलाखतीत नीट सांगितलंस, तर समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकून ऐकतो. मी तरी ऐकते.

मूळ शिक्षणाला पैसे लागत नाहीत. फ्रीकोडकॅम्प ही कोडिंग शिकवणारी वेबसाइट फुकट आहे, हार्वर्ड विद्यापीठाच्या सीएस५० या संगणकाच्या सुरुवातीच्या कोर्सची व्याख्यानंही. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवर आयआयटीचे प्राध्यापक शिकवतात, परीक्षा द्यायची असेल तरच फी. इंग्रजी जड जात असेल तर मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियलवर मराठीतूनही धडे आहेत. यातलं एकच धर आणि शेवटपर्यंत ने. गिट (प्रोग्राममधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) आणि एसक्यूएल (साठवलेली माहिती शोधायची भाषा) मात्र टाळू नकोस, रोजच्या कामात ते लागतंच. मोबाइलवर व्हिडिओ बघता येतात, प्रोग्राम लिहिणं जमत नाही. तुरीच्या पैशातून काही घ्यायचंच तर जुना, चांगला लॅपटॉप घे. रॅम ८ जीबी हवी आणि बॅटरी धड असावी, आपल्याकडे लाइन कधी जाईल सांगता येत नाही.

आता त्या हप्त्यांबद्दल. ‘हप्त्यानं भरा’ म्हणजे बहुतेक वेळा फायनान्स कंपनीचं कर्ज असतं, तेही बाबांच्या नावावर. कोर्स मध्येच सोडलास तरी हप्ता सुटत नाही. फोनवर ‘नोकरी पक्की’ म्हणतात, करारात ‘नोकरीसाठी सहाय्य’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यांना सांग, नोकरी लागली नाही तर फी परत, हे सगळ्या अटींसकट लेखी द्या. ते मिळेपर्यंत ओटीपी सांगू नकोस, आधार-पॅन पाठवू नकोस.

सहा महिन्यांत शून्यापासून नोकरीपर्यंत पोचणारे मी फार थोडे पाहिले. कॉलेज सांभाळून वर्ष-दीड वर्ष धर. पदवी सोडू नकोस, मोठ्या कंपन्यांच्या भरतीत पहिली चाळणी तिचीच असते. विप्रो बीसीए-बीएस्सीच्या मुलांना नोकरीत घेऊन सोबत एमटेक करू देते, त्या भरतीत गणितवाल्यांनाही संधी असते. विषय आणि टक्क्यांची अट यंदाच्या जाहिरातीत बघून घे, आणि शेवटच्या सत्राचे गुण घसरू देऊ नकोस.