एक्झेवर कापसाचं बोंड कसं बसवायचं?

प्रश्न: नमस्कार भाऊ, मी राळेगाव तालुक्यातला. आमच्या इकडच्या जिनिंगवर काट्याची पावती काढाले एक छोटा प्रोग्राम लिहिला, सी प्लस प्लस आणि क्यूटी (खिडक्या बनवायची लायब्ररी), बिल्ड सीमेकनं (कोडचा प्रोग्राम कसा बांधायचा ते सांगणारं टूल) अन् व्हिज्युअल स्टुडिओवर. चालते झकास, पण डेस्कटॉपवर त्या एक्झे फाइलले (तयार चालणारी फाइल) तेच कोरं खिडकीवालं चित्र दिसते, दिवाणजी म्हणते हा व्हायरस तं नाही ना. कोडमधे सेट विंडो आयकॉन टाकून पाह्यलं तर उघडल्यावर खिडकीत बोंड दिसते, बाहेर काहीच नाही. मग पीएनजीचं नाव बदलून आयको केलं आणि आरसी फाइलमधे (एक्झेत कोणतं चित्र घालायचं ते सांगणारी फाइल) लावलं तर बिल्डच अडते, आरसी २१७५ म्हणून एरर. काहून?

उत्तर: भाऊ, हे दोन वेगळे आयकॉन आहेत, इथंच बहुतेक जण फसतात. सेट विंडो आयकॉन प्रोग्राम सुरू झाल्यावर काम करते. डेस्कटॉपवर चित्र दाखवाले विंडोज काही तुमचा प्रोग्राम चालवून पाहत नाही, ते एक्झेच्या पोटातले रिसोर्स, म्हणजे आत भरलेली चित्रं वगैरे, वाचते. म्हणजे बोंड बिल्डच्या वेळीच आत गेलं पाहिजे. कोडमधली ओळ मात्र काढू नका, खिडकीसाठी ती राहू द्या.

आता एरर. आयको म्हणजे नुसतं चित्र नाही, ते एक डबं आहे, त्यात एकाच चित्राच्या वेगवेगळ्या मापाच्या प्रती असतात, निदान १६, ३२, ४८ आणि २५६ पिक्सेल तरी ठेवा. नाव बदलल्यानं पीएनजीचं आयको होत नाही, रिसोर्स कंपायलर आत पाहते, त्याले हवं ते हेडर सापडत नाही, मग ते ओरडते. जिंपमधे (चित्रं बनवायचा फुकट प्रोग्राम) प्रत्येक मापाची वेगळी लेयर करून आयको म्हणून एक्स्पोर्ट करा. आणि १६ चं चित्र हातानं वेगळं काढा राजेहो, मोठं बोंड लहान केलं की पाकळ्या-बिकळ्या सगळ्या एक होऊन नुसता पांढरा डाग उरते.

मग आरसी फाइलमधे एकच ओळ पुरते: आकडा १, पुढं आयकॉन हा शब्द, पुढं दुहेरी अवतरणात आयकोचं नाव. आकडा १ यासाठी की आत अनेक आयकॉन असले तर एक्सप्लोरर पहिलं उचलते. दोन्ही फाइली शेजारी ठेवा, नावं इंग्रजी अक्षरात, मधे मोकळी जागा नको. शेवटी सीमेकच्या ॲड एक्झिक्युटेबलमधे मेन फाइलच्या बाजूला ही आरसी फाइलही लिहा, झालं. एक्स्टेन्शन पाहून सीमेक ती रिसोर्स कंपायलरकडं धाडते (व्हिज्युअल स्टुडिओऐवजी मिनजीडब्ल्यू हा कंपायलर असेल तर त्याच्या विंडरेस टूलकडं) आणि लिंकर ती एक्झेत जोडते.

तयार एक्झेवर नंतर आयकॉन चिकटवणारी टूल मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. पुढच्या बिल्डले सगळं पुसल्या जाते, आणि फाइलवर डिजिटल सही असेल तर तीही बाद होते.

एवढं करूनही जुनंच चित्र दिसलं तर कोडले शिव्या देऊ नका, विंडोज जुने आयकॉन कॅशमधे, म्हणजे आपल्या साठवणीत, धरून ठेवते. एक्झे दुसऱ्या फोल्डरमधे वेगळ्या नावानं कॉपी करून पाहा, तिथं बोंड दिसलं म्हणजे काम झालेलं आहे.

प्रश्न: हाच प्रोग्राम गावातल्या शाळेच्या उबंटूवर न्यायचा आहे, तिथं बी आरसी फाइल चालन का?

उत्तर: नाही चालत. लिनक्सच्या एक्झिक्युटेबलमधे आयकॉनले जागाच नसते. तिथं एक डेस्कटॉप फाइल (प्रोग्रामचं नाव-चित्र सांगणारी छोटी फाइल) लागते, त्यात आयकॉनच्या पुढं चित्राचं नुसतं नाव, पाथ नाही, एक्स्टेन्शन नाही. सीमेकच्या इन्स्टॉल कमांडनं डेस्कटॉप फाइल शेअर फोल्डरमधल्या ॲप्लिकेशन्समधे टाका, आणि पीएनजी तिथल्याच आयकॉन्स फोल्डरच्या हायकलर थीममधे, ज्या मापाचं चित्र त्याच मापाच्या फोल्डरच्या ॲप्समधे. आरसीवाली ओळ सीमेकमधे विंडोजच्या अटीत घाला, म्हणजे एकाच फाइलवर दोन्हीकडं बिल्ड होते.