खर्रा आणायला पाठवलेला पोरगा

प्रिय बाळ,

तुझं पत्र दोनदा वाचलं. व्यसनाचं कारण म्हणून ‘संगत वाईट लागली’ असं लिहिलंस, ते मला पटलं नाही. मोहाची दारू पहिल्यांदा तुला मित्रांनी पाजली हे खरं. पण आजीसाठी पानठेल्यावरून खर्रा कोण आणायचं? पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटून पाहुण्यांपुढे कोण करायचं? आपल्याकडे चहाला उशीर झाला तर चालतो, खर्र्याला नाही. आणि लग्नात मांडवामागे पोरांसाठी वेगळी बाटली काढणारा मामा काय परका होता?

मी तरी कुठला मोठा! वर्गात व्यसनाचे तोटे शिकवायचो आणि मधल्या सुट्टीत सातवीतल्या पोराला खर्रा आणायला पिटाळायचो. त्यानं कुठला धडा गिरवला असेल, तूच सांग.

आपल्या गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, लोकांनी लढून मिळवलेली. तरी गावात चोरून गाळतात, कारण सगळ्यांना ठाऊक असून कुणी बोलत नाही. 2016 पासून ‘मुक्तिपथ’ या दारू-तंबाखूमुक्तीच्या अभियानाचं काम सुरू आहे. ज्या गावात बायांनी एकजूट केली, तिथं विकणाऱ्याला जड जातं. लहान मुलाला दारू-तंबाखू देणाऱ्याला 2015 च्या बालन्याय कायद्याच्या कलम 77 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. मामावर खटला भर असं म्हणत नाही. नुसतं ऐकवून बघ.

आता तुझं. आरशापुढे तोंड उघड आणि तीन बोटं उभी आत जातात का बघ. अडकली, तिखट झोंबायला लागलं असेल, तर सुपारीनं तोंड आखडायला लागलंय. थेट दवाखाना गाठ. बाबा प्यालेले असताना वाद घालू नकोस. सकाळी बोल, आईला जवळ बसवून. ते रोजचे पिणारे आहेत, तेव्हा एकदम सोडायला लावू नका. हात कापतात, भ्रम होतो, फिट येते, कधी जिवावर बेततं. डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडवायची.

आजीला मात्र आजच सांग, ‘पाणी आणून देतो, खर्रा नाही.’ शिव्या घालेल. घालू दे, त्या तिच्या प्रेमाच्याच असतात.

तू नाही म्हटल्यावर ती धाकट्याला पाठवते का, ते मला कळव.

तुझा,
मास्तर