आधी नक्कल, मग दुरुस्ती
वाचकांचे प्रश्न : संगणक आणि मोबाईल

प्रश्न : मी जावळी तालुक्यातला निवृत्त प्राथमिक शिक्षक. सध्या मुलाकडे साताऱ्यात राहतो. २०१० ते २०१७ या काळात मेढा, केळघर, बामणोली भागातल्या म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या मी रेकॉर्ड केल्या. साडेतीनशेच्या आसपास फाईली आहेत, थोडे व्हिडिओही आहेत. सर्व एक टीबीच्या एकाच एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर, दुसरीकडे कोठेही नाही. महिनाभर ती फार हळू चालत होती. गेल्या आठवड्यापासून लावली की 'आधी फॉरमॅट करा' असे येते. डिस्क पडलेली नाही. क्वचित एखादा टक् असा आवाज येतो. पुतण्या म्हणतो, चेकडिस्क चालवू. शेजारी म्हणतात, रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. एक दुकानदार फॉरमॅट करून रिकव्हरी करून देतो म्हणाला. काय करावे? ओव्या म्हणणाऱ्यांपैकी बहुतेक जणी आता नाहीत.
— एक वाचक, सातारा

उत्तर : गुरुजी, हे वाचताना डिस्क लॅपटॉपला लावलेली असेल तर आधी काढून ठेवा. 'इजेक्ट' होत नसेल तर लॅपटॉप बंद करा, मग केबल काढा. डिस्क उचलायच्या आधी दहा-पंधरा सेकंद जाऊ देत, म्हणजे आतल्या ताटल्या फिरायच्या थांबतील. आता ती पुन्हा लावायची ती एकदाच, सगळी तयारी झाल्यावर.

तुमच्या पत्रात धीर देणाऱ्या दोन गोष्टी आहेत. डिस्क पडलेली नाही आणि संगणकाला ती अजून दिसते. 'फॉरमॅट करा' या ओळीला घाबरू नका, पण तिचं ऐकूही नका. शाळेत तुम्ही हजेरीपट ठेवायचात. पट भिजला, पहिलं पान वाचता येईना, म्हणून वर्गातली मुलं कुठे जात नाहीत. विंडोजला डिस्कवरचा पट वाचता येत नाहीये आणि ते विचारतंय, कोरा पट आखू का? आपण नाही म्हणायचं. क्विक फॉरमॅटने सगळं पुसलं जात नाही हे खरं, पण नवा पट जुन्याच्या जागी लिहिला जाऊ शकतो, आणि फाईलींची नावं त्या पटातच असतात. फुल फॉरमॅट तर विंडोज व्हिस्टापासून पूर्ण डिस्कवर शून्यं लिहितो. त्या दुकानदाराला डिस्क देऊ नका.

आत काय बिघडलंय ते सांगते. या छोट्या डिस्कच्या ताटल्या बहुधा मिनिटाला ५४०० फेरे मारतात, आणि वाचणारं हेड ताटलीला न टेकता काही नॅनोमीटरवर तरंगतं. आपला केस त्या अंतराच्या हजारो पट जाड असतो. ताटलीवरचा एखादा भाग कमजोर झाला की डिस्क तोच भाग पुन्हा पुन्हा वाचून बघते. म्हणून महिनाभर तिला वेळ लागत होता. हेड पुन्हा जागेवर येऊन सुरुवात करतं, तेव्हा बरेचदा तो टक् आवाज येतो. लॅपटॉपला नुसती लावून ठेवली तरी विंडोज मागून फोल्डर चाळत राहतं, फोटोंची छोटी चित्रं तयार करायला बघतं. त्यात तिची उरलेली ताकद जाते.

पुतण्याचं म्हणणं मी समजू शकते, कारण मीही तेच केलंय. सांगलीत विश्रामबागला बावीस वर्षं मी संगणक दुरुस्त करते. २००७ साली एका फोटोग्राफरची अशीच मंदावलेली डिस्क माझ्याकडे आली आणि मी तिच्यावर चेकडिस्क चालवलं. चेकडिस्कचं काम पट नीट करणं, ताटलीवरचा मजकूर वाचवणं नाही. पटातली जी नोंद त्याला जुळत नाही ती ते सरळ खोडतं आणि हे सगळं त्याच आजारी डिस्कवर लिहितं. चार तासांनी डिस्क उघडली तेव्हा 'फाऊंड' नावाच्या फोल्डरमध्ये बिननावाचे तुकडे होते. तीन लग्नांचे फोटो गेले. त्यातल्या एका मुलीचे वडील लग्नानंतर दोन महिन्यांत वारले होते आणि त्यांचे शेवटचे फोटो तेवढेच होते. मी स्वतः त्यांच्या घरी जाऊन सांगितलं. त्या दिवसापासून माझ्या टेबलावर एकच क्रम चालतो : आधी नक्कल, मग जी काय दुरुस्ती करायची ती नकलेवर.

फ्रीझरचं तर मनातून काढूनच टाका. गार डिस्क बाहेर काढली की तिला दव धरतं. ताटलीवर पाण्याचा एक थेंब म्हणजे हेडच्या वाटेत धोंडा.

आता नक्कल कशी करायची ते. दोन टीबीची नवीन डिस्क आणा आणि एका पेन ड्राइव्हवर सिस्टिमरेस्क्यू टाका. ही फुकट मिळणारी लिनक्स आहे, म्हणजे विंडोजच्या जागी लॅपटॉप चालवणारी दुसरी प्रणाली, त्या पेन ड्राइव्हवरूनच लॅपटॉप सुरू करायचा. तिच्यात जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम असतो. तो अडलेल्या जागेशी झुंजत बसत नाही. आधी जे सहज वाचता येतं ते उचलतो, अडलेलं मागे ठेवतो, शेवटी त्याच्याकडे वळतो. आपण शेंगा निवडताना चांगल्या आधी सुपात घेतो तसंच. कुठवर आलो याची नोंद तो एका नकाशा-फाईलमध्ये ठेवतो. लाईट गेली, केबल सुटली, तरी पुन्हा तिथूनच सुरू करता येतं. पण ही नकाशा-फाईल नवीन डिस्कवरच ठेवा. पेन ड्राइव्हवरची लिनक्स बहुतेक सगळं मेमरीत ठेवते, लॅपटॉप बंद झाला की ते जातं आणि मग सगळं पहिल्यापासून.

आज्ञा देताना क्रम पाठ करा : आधी आजारी डिस्क, मग नवीन डिस्कवरच्या इमेज फाईलचं (अख्ख्या डिस्कची नक्कल असलेल्या एका मोठ्या फाईलचं) नाव, मग नकाशा. कोणती डिस्क कोणती हे आकडा बघून ठरवा, एक टीबीची आजारी, दोन टीबीची नवी. सुरुवातीला 'एन' हा पर्याय द्या, म्हणजे पहिल्या खेपेला तो खराब जागा खरवडत बसणार नाही. प्रोग्रॅम 'फोर्स' मागायला लागला तर हात मागे घ्या. आपण साध्या फाईलमध्ये नक्कल करतोय, तिथे त्याची गरज नसते. तो मागतो म्हणजे डिस्कवरच थेट लिहायला निघालाय, बहुतेक क्रम उलटा झालाय. नवी डिस्क फॅट-३२ मध्ये फॉरमॅट केलेली असेल तर चार जीबीपेक्षा मोठी फाईल तिच्यावर मावत नाही, तेवढं आधी बघा.

निरोगी एक टीबी डिस्कची नक्कल साधारण तीन तासांत होते. तुमची दोन दिवस घेईल, कदाचित आठवडा. डिस्क गादीवर नको, लाकडी टेबलावर आडवी ठेवा, शेजारी छोटा पंखा लावा, आणि मधे कुणी तिला हात लावू नका.

आवाजाकडे मात्र कान असू द्या. टक्-टक्-टक् असा घड्याळासारखा ठेका सुरू झाला, डिस्क फिरायची थांबली, किंवा तिचा आकार शून्य दिसू लागला, तर त्याच क्षणी बंद करा. हेड गेलेलं असतं, आणि ते ताटलीला घासलं तर ओव्या पावडर होऊन जातील. त्यापुढे पुण्या-मुंबईतली लॅबच. तिथे धूळ नसलेल्या खोलीत त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचं हेड काढून बसवतात. खर्च डिस्कच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. डेटा निघाला नाही तर पैसे नाहीत, हे आधी लेखी घ्या. नुसता डिस्कचा सर्किट बोर्ड बदलून देतो म्हणणाऱ्याला विचारा, जुन्या बोर्डावरची रॉम चिप नव्यावर घेणार का? त्या चिपमध्ये तुमच्याच डिस्कची मापं असतात. त्यांच्याशिवाय नवा बोर्ड आजच्या डिस्कवर सहसा चालत नाही.

नक्कल झाली की आजारी डिस्क कपाटात ठेवा, टाकू नका. इमेज फाईल डीएमडीई किंवा आर-स्टुडिओ या रिकव्हरीच्या प्रोग्रॅममध्ये उघडा, फोल्डर नावांसकट दिसण्याची चांगली शक्यता आहे. फोटोरेकही चांगलं आहे, फुकट आहे, पण ते अगदी शेवटी. ते पट न बघता फाईलींचा माग काढतं, त्यामुळे नावं सगळी जातात. तुमच्यासारख्याला ते फार महाग पडेल. साडेतीनशे ओव्या मिळाल्या, पण कोणती कुणी कुठल्या गावात म्हटली तेच कळेना, असं व्हायला नको. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जमवलेल्या लाखावर ओव्यांचं मोल आज वाटतं, त्यात बाईचं आणि गावाचं नाव टिपून ठेवल्याचा मोठा वाटा आहे. तुमची जुनी वही असेल, तारखा, नावं, काहीही, तर आत्ताच शोधून ठेवा.

एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगायचीय. आवाजाच्या फाईली वेव्ह प्रकारात असतील तर एक खराब सेक्टर (डिस्कवरचा सगळ्यात छोटा कप्पा) म्हणजे ४०९६ बाइट, आणि सीडीच्या दर्जाच्या रेकॉर्डिंगमध्ये तेवढ्या जागेत सेकंदाचा साधारण त्रेचाळिसावा भाग मावतो. ओवीत एक टिचकी ऐकू येईल, ओवी जाणार नाही. एमपी-थ्रीही बऱ्यापैकी सोसतं. व्हिडिओ नाजूक असतात. एमपी-फोर फाईलची अनुक्रमणिका एका जागी असते, नेमकी तीच जागा खराब असली तर अख्खा व्हिडिओ उघडत नाही. म्हणून नक्कल निघाली की आधी ओव्या बाहेर काढा, व्हिडिओंवर नंतर बसू.

हे सगळं घरी करायला हात धजत नसेल तर करू नका. डिस्क सुती कापडात गुंडाळा, स्टीलच्या डब्यात भरपूर फोम घालून ठेवा आणि एसटीने या. डबा मांडीवर ठेवा, कुरिअरने पाठवू नका. संपादकांकडून माझा पत्ता मिळेल.

प्रश्न : लॅपटॉपमधल्या एसएसडीवरून हिशेबाचं फोल्डर डिलीट झालं, रीसायकल बिनही रिकामा केला. रिकव्हरी सॉफ्टवेअरला काही सापडत नाही.
— एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : बहुतेक सापडणारही नाही. एसएसडीत फिरत्या ताटल्या नसतात, चिपा असतात. फाईल काढली की विंडोज तिला 'ट्रिम'ची सूचना देतं आणि ती जागा आतून मोकळी केली जाते. जुन्या हार्ड डिस्कसारखं मागे काही उरत नाही. सॉफ्टवेअर विकत घेण्यात पैसे घालू नका. तुमच्या सीएंकडे ईमेलने गेलेल्या फाईली मागा, आणि हिशेबाचा प्रोग्रॅम दुसऱ्या फोल्डरमध्ये आपोआप बॅकअप ठेवतो का ते बघा.

प्रश्न : २०१९ च्या पुरात आमचं दुकान बुडालं. तेव्हाची हार्ड डिस्क उन्हात वाळवून कपाटात ठेवली आहे. आता लावून बघू का? आईचे सगळे फोटो त्यात आहेत.
— एक वाचक, गावभाग, सांगली

उत्तर : लावू नका दादा. त्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, आणि पुढचे दोन महिने माझ्या दुकानात अशा डिस्का रांगेनं येत होत्या. हार्ड डिस्कला हवा आत-बाहेर जाण्यासाठी बारीक छिद्र असतं, बुडाली की तिथून गाळ आत शिरतो. ओली असताना गाळ धुऊन निघतो, वाळला की ताटलीला चिकटून बसतो. ज्यांनी हेअर ड्रायर लावला, तांदळात पुरून ठेवली, त्यांचं काम सगळ्यांत अवघड झालं. तुमच्या डिस्कमधली आशा संपलेली नाही. लॅबमध्ये ताटल्या काढून साफ करतात आणि कधी कधी बराच भाग वाचता येतो. पण आज वीज दिली तर हेड त्या वाळल्या मातीवर घासेल आणि लॅबलाही काही करता येणार नाही. आहे तशी, न उघडता, थेट लॅबमध्ये द्या. सोबत ती बुडाली होती आणि उन्हात वाळवली होती असं चिठ्ठीवर लिहा, लपवू नका.

पुन्हा कधी भिजलीच, तर वाळवू नका. ओल्या फडक्यात गुंडाळून झाकणबंद पिशवीत घाला आणि तशीच रवाना करा. आणि तुम्ही गावभागात राहता, म्हणून अजून एक : आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की दुकानाच्या कागदपत्रांबरोबर डिस्कही वरच्या मजल्यावर न्या. ४५ फुटांच्या धोका पातळीची वाट बघू नका.