मध्यम बजेटमध्ये चांगली रेड वाइन: मोठ्या नावाच्या शेजारी शोधा

तुमचा प्रश्न असा, की बजेट बेताचं आहे, तर बोर्दो किंवा बर्गंडी या फ्रान्सच्या गाजलेल्या वाइन प्रदेशांची त्यातल्या त्यात स्वस्त बाटली घ्यावी का? माझं मत विचाराल तर घेऊ नका. गाजलेल्या प्रदेशातली तळाची बाटली घेण्यापेक्षा कमी गाजलेल्या प्रदेशातली वरच्या दर्जाची घ्या. पैसे तेवढेच जातात आणि ग्लासात कितीतरी सरस वाइन पडते.

वाइनच्या किमतीत द्राक्षं आणि मेहनत तर असतेच, पण जमिनीचा भाव आणि नावाचा दबदबाही असतो. बोर्दोतल्या मेदॉक भागातल्या बड्या शातोंची, म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळ्यांची, प्रतवारी १८५५ साली झाली आणि किरकोळ फरक सोडले तर ती आजही तशीच आहे. त्या यादीच्या वलयाचे पैसे आपण मोजतो. बर्गंडीचं दुखणं वेगळं. तिथलं पिनो न्वार हे पातळ सालीचं, नाजूक द्राक्ष. जास्त पीक काढायला गेलं की चव पांचट होते. स्वस्तात चांगलं पिनो बनवणं खरोखर कठीण आहे, त्यामुळे या बजेटमध्ये मी त्याच्या वाटेला जात नाही. हलकी, फुलांच्या-बेरीफळांच्या वासाची वाइन आवडत असेल तर फ्रान्सच्याच बोजोले भागातल्या दहा नामांकित गावांपैकी मॉर्गों किंवा फ्लरी शोधा. द्राक्ष गामे, भाव बर्गंडीपेक्षा बराच खाली.

माझा सगळ्यात लाडका भाग म्हणजे फ्रान्समधलं दक्षिण रोन. शातोनफ-द्यू-पाप हे तिथलं मोठं नाव. त्याच परिसरात जिगोंदास आणि वाकेरास ही गावं आहेत. द्राक्षं जवळपास तीच: ग्रनाश, सिरा, मूर्वेद्र. जिगोंदासला स्वतःच्या नावाने वाइन विकायचा अधिकार १९७१ मध्ये मिळाला, वाकेरासला १९९० मध्ये. त्याआधी तिथली वाइन कोत द्यू रोन व्हिलाज या सामायिक नावाने विकली जायची. आजही त्या व्हिलाज पातळीवर अशी गावं आहेत ज्यांची वाइन उत्तम आणि नाव अजून महाग झालेलं नाही. लेबलवर कोत द्यू रोन व्हिलाजच्या पुढे गावाचं नाव छापलेलं असेल तर मी ती बाटली हमखास उचलून बघतो.

स्पेनच्या रिओहात आपलं काम आणखी सोपं होतं, कारण लेबलवरच्या शब्दांना तिथे कायद्याचा आधार आहे. रेड क्रिआन्सा म्हणजे किमान दोन वर्षं मुरवलेली, त्यातलं एक वर्ष ओकच्या पिंपात. रेसेर्वा म्हणजे किमान तीन वर्षं. वाट बघण्याचं काम वाइनरीने केलेलं असतं आणि तुम्हाला तयार वाइन मिळते. मात्र अमेरिकन बाटलीवरच्या ‘रिझर्व्ह’ला अशी कायदेशीर व्याख्या नाही, त्या शब्दासाठी जादा पैसे देऊ नका.

पोर्तुगालचं दोरू आणि दाओ, इटलीचं मोन्तेपुल्चानो द'अब्रुत्सो, अर्जेंटिनाचं माल्बेक हे सगळे भरवशाचे. चिलीच्या कार्मेनेरला तर तिथे वर्षानुवर्षं मेर्लो समजत होते; १९९४ मध्ये ते वेगळं द्राक्ष असल्याचं ओळखलं गेलं. हिरव्या मिरचीसारखा किंचित वास आवडत असेल तर जरूर घ्या.

ओकबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण फसगत इथेच होते. बोर्दोच्या पद्धतीचं पिंप २२५ लिटरचं, म्हणजे त्यातून ३०० बाटल्या निघतात. नव्या फ्रेंच ओकच्या पिंपाचा खर्च एवढ्याच बाटल्यांवर पडतो. मग स्वस्त वाइनला व्हॅनिलाचा आणि भाजलेल्या लाकडाचा भपकारा येत असेल तर तो अनेकदा ओकच्या चकत्या किंवा फळ्या बुडवून आणलेला असतो. या किमतीत कमी ओकची, फळाची चव पुढे असलेली वाइन जास्त प्रामाणिक निघते.

बाटली हातात घेतल्यावर बूच बघा. ते तोंडाच्या वर आलेलं असेल, कॅप्सूलखाली (तोंडावरच्या वेष्टनाखाली) चिकट ओघळ असेल किंवा तशाच शेजारच्या बाटल्यांपेक्षा पातळी खाली असेल, तर ती बहुधा उष्णतेत पडून होती, परत ठेवा. जड बाटली आणि खोल तळ यावरून आतल्या मालाचं काहीच कळत नाही. स्क्रू कॅपला नाक मुरडू नका, बुचामुळे येणारा कुबट वास तिच्यात क्वचितच सापडतो. आणि या किमतीतली बहुतेक रेड वाइन साठवायची नसते. साधारण दोन ते पाच वर्षं जुनी असतानाच प्या.

आणखी एक, फुकटात होणारी सुधारणा. खोली गरम असेल तर उघडण्याआधी बाटली वीसेक मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. १६ ते १८ अंशांवर अल्कोहोलचा झणका खाली बसतो आणि फळ वर येतं. उरली तर बूच लावून पुन्हा फ्रिजमध्येच ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.