चारच तारा, मग एवढा थाट कशाला?

प्रश्न: दादा, आमचा धाकटा अकरावीत आहे. गणपतीत लोकमान्य नगरच्या एका कार्यक्रमात कुणाची तरी बेस गिटार बघितली तेव्हापासून तेच खूळ. साधी गिटार घे म्हटलं तर नाही, म्हणे बेसचा शेपच भारी असतो. मला तर वाकडातिकडाच वाटतो, मान ही एवढी लांब, तारा चारच, आणि दुकानदार किंमत जास्त सांगतो. नुसत्या दिसण्यावर घ्यायची का? उंची पाच फूट दोन, झेपेल का त्याला? (एक आई, इंदूर)

उत्तर: ताई, शेपवर भाळलाय तर भाळू द्या, तो वाकडेपणा उगाच नाहीये. खर्जाचा सूर हवा तर तार जाड नाहीतर लांब लागते, नुसती जाड करत गेलं की आवाज बद्द होतो, म्हणून लांबीपण वाढवतात. साध्या इलेक्ट्रिक गिटारची तार साधारण 25 इंच, बेसची 34, आणि सूर गिटारच्या जाड तारांपेक्षा एक सप्तक खाली. आता एवढी लांब मान, टोकाला दणकट खुंट्या, पट्टा गळ्यात घातला की ती खाली झुकणारच ना, म्हणून धडाचं वरचं टोक, म्हणजे शिंग, पार बाराव्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या कांड्या) पुढे काढतात, पट्टा तिथे अडकतो आणि तोल राहतो. माझ्या पहिल्या सेकंडहँड बेसचं शिंग आखूड होतं, हात सोडला की मान जमिनीकडे, अख्खा कार्यक्रम मी ती सावरतच काढला.

बेस गिटार यायच्या आधी बँडवाले माणसाहून उंच डबल बेस, म्हणजे उभं ठेवून वाजवायचं व्हायोलिनसारखं मोठं वाद्य, ओढत फिरायचे आणि गिटारला अॅम्प (आवाज मोठा करणारं यंत्र) लागल्यावर तो बिचारा ऐकूच येईना. 1951 मध्ये अमेरिकेतल्या लिओ फेंडर या गिटार बनवणाऱ्यानं प्रिसिजन बेस काढला. नाव प्रिसिजन कारण मानेवर फ्रेट आले, बोट जरा मागेपुढे पडलं तरी सूर ढळत नाही. मला स्वतःला फेंडरचाच 1960 चा जॅझ बेस जास्त देखणा वाटतो, कंबर तिरकी, मान खुंट्यांकडे निमुळती आणि पिकअप (तारांचा आवाज पकडणारे चुंबक) दोन, ब्रिजजवळचा, म्हणजे तारा धडावर जिथे टेकतात तिथला, वाढवला की आवाज टोकदार, मानेकडचा वाढवला की गोल. मुलाला विचारा कुठला आवडला, बहुतेक हाच सांगेल!

आवाजाचं म्हणाल तर तबल्यातला डग्गा आठवा, नुसती चाट वाजवून बघा कसं पोकळ वाटतं. पण फोनवर ऐकून ठरवू नका, सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झच्या आसपास वाजते, फोनच्या इवल्या स्पीकरला ते जमत नाही.

महाग का? लाकूड जास्त, खुंट्या मोठ्या, तारा जाड, आणि गिटारएवढा खप नाही.

उंचीची काळजी नको. अगदीच हात ताणला जात असेल तर 30 इंची तारेचा शॉर्ट स्केल बेस मिळतो, बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीचा व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर कंपनीचा बेस त्याच जातीचा. दुकानात बसून नाही, पट्टा घालून उभं राहून बघायला सांगा, पहिल्या फ्रेटपर्यंत हात आरामात जातो का, मग दोन्ही हात सोडायचे, मान खाली गेली तर दुसरा दाखवा म्हणायचं. पण पट्टा रुंदच घ्या हां, वजन चार किलोच्या आसपास असतं, अरुंद पट्टा खांद्यात रुततो आणि मग पोरगं आठवड्यात कंटाळतं.