‘अ सेपरेशन’मध्ये नेमकी चूक कोणाची, नादेरची की रझियेची?

माझ्या मते दोघांचीही, पण किंमत सारखी नाही मोजली त्यांनी. असगर फरहादीचा २०११चा हा पिक्चर मी तीनदा बघितलाय आणि दर वेळी मी रझियेच्या बाजूने जास्त झुकते. तेहरानमधली गरीब, गरोदर, देवभोळी बाई, नवऱ्याला न सांगता नादेरच्या अल्झायमर झालेल्या वडिलांना सांभाळायला येते, म्हाताऱ्याचे कपडे बदलायचे तर आधी फोन करून विचारते की हे पाप तर नाही ना. आणि तीच बाई एक दिवस त्याला पलंगाला बांधून बाहेर जाते, ही चूक मोठीच आहे.

नादेर बँकेत नोकरी करणारा, शिकलेला माणूस, तो तिला रागाने दाराबाहेर ढकलतो, मग तिचा गर्भ गेल्यावर कोर्टात सांगतो की ती गरोदर आहे हे मला माहीतच नव्हतं, आणि ते खोटं टिकवायला शेवटी त्याच्या अकरा वर्षांच्या पोरीला, तेर्मेला, जजसमोर खोटं बोलावं लागतं. मला तरी हे सगळ्यात जास्त लागलं.

आणि रझियेचा नवरा होज्जत, नोकरी गेलेला, घेणेकरी मागे लागलेले, त्याला नादेरसारखं नीट बोलता येत नाही म्हणून तो ओरडतो आणि ओरडला की तोच गुन्हेगार दिसायला लागतो. क्लासचा फरक म्हणतात तो हाच.

शेवटी पैसे समोर असतात, चेक लिहिलेले, फक्त रझियेने कुराणावर हात ठेवून शपथ घ्यायचीय की गर्भ नादेरने ढकलल्यामुळेच गेला, पण त्या ढकलण्याच्या आदल्या दिवशी तिला गाडीचा धक्का लागलेला म्हणून तिलाच खात्री नाही आणि ती शपथ घेत नाही.